हंगामाचा ताण प्रत्येकाला वेगळ्या जागी का बोचतो

एप्रिलच्या मध्यावर रत्नागिरी, देवगड किंवा राजापूरकडच्या एखाद्या आंबा बागायतदाराच्या पॅकिंग शेडमध्ये थोडा वेळ उभे राहिले, तर कामाचा ताण म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. सकाळी काढणीला गेलेले गडी देठ राखून उतरवलेला आंबा क्रेटमधून आणून ठेवतात, शेडमधली माणसे तो वजनानुसार निवडून पेंढ्याच्या थरांत पेट्यांमध्ये लावतात, आणि माल दुसऱ्या दिवशी वाशीच्या बाजारात लागायचा असेल तर गाडी ठरल्या वेळी सुटावीच लागते. उकाडा, दलालाचे फोन, उतरणारा दर आणि आकाशात जमणारे अवकाळी ढग सगळ्यांच्या वाट्याला सारखेच येतात. तरीही एकाची झोप उडते, दुसऱ्याचा आवाज चढतो, तिसरी बाई दिवसभर चकार शब्द न काढता राबते आणि घरी गेल्यावर डोके धरून आडवी होते, तर चौथ्याला याच धांदलीत हुरूप येतो.

व्यक्ती तितक्या प्रकृती असे म्हणून आपण हा विषय बहुधा तिथेच सोडून देतो. सोडला नाही तर आणखी एक घाईचा निष्कर्ष काढतो, तो म्हणजे अमका खंबीर आहे आणि तमका हळवा आहे. माझ्या मते ही वाटणी अपुरी तर आहेच, शिवाय अन्यायकारकही आहे. कामाचा कोणता भाग कोणाला बोचेल हे स्वभावावर बऱ्याच प्रमाणात अवलंबून असते. मात्र ते काम किती आणि कसे लादले जाते हे काम नेमून देणाऱ्याच्या हातात असते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की कामातल्या दोषाचे खापर माणसाच्या स्वभावावर फुटते.

सुरुवात शरीरापासून करू. संकटाची चाहूल लागताच हृदयाची गती वाढणे, श्वास जलद होणे, पचन मंदावणे आणि स्नायूंकडे रक्त वळणे हे सर्व बदल शरीराला लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज करतात, ही मांडणी अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास केली. पुढे १९३६ साली हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’ या नियतकालिकातील एका छोट्या टिपणात असे नोंदवले, की उंदरांना थंडीत ठेवले, इजा केली किंवा विषारी द्रव्य टोचले, तरी त्यांच्या शरीरात ठरावीक प्रकारचेच बदल दिसतात. आधी शरीर सावध होते, मग परिस्थितीला तोंड देत टिकून राहते, आणि त्रास फार काळ लांबला तर थकून कोसळते. मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी या काळात अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात. थोड्या काळासाठी ती उपयोगी पडतात. त्यांची पातळी महिनोन्महिने चढलेली राहिली, तर झोप, रक्तदाब आणि रोगप्रतिकारशक्ती या तिन्हींवर वाईट परिणाम होतो.

शरीराची यंत्रणा सगळ्यांची जवळपास सारखी असेल, तर एकाच शेडमधली चार माणसे चार तऱ्हांनी का वागतात? याचे सर्वांत पटणारे उत्तर रिचर्ड लॅझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली सविस्तर मांडले. त्यांच्या मते ताण हा निव्वळ प्रसंगात नसतो आणि निव्वळ माणसातही नसतो. प्रसंगाचा अर्थ माणूस कसा लावतो, यातून तो निर्माण होतो. मन जवळजवळ नकळत दोन प्रश्न विचारते. यात माझे काय पणाला लागले आहे, हा पहिला प्रश्न आणि याबाबत मला काही करता येण्यासारखे आहे का, हा दुसरा. पणाला बरेच लागले आहे आणि करता येण्यासारखे काहीच नाही, असे मनाचे उत्तर आले की ताण सर्वांत तीव्र होतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहण्यासाठी हापूसमधल्या साक्याचे उदाहरण घेऊ. साका झालेले फळ बाहेरून ओळखता येत नाही. रंग, वास, आकार सगळे उत्तम असते आणि कापल्यावर आतला काही गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट निघतो. त्यामुळे पेटी भरणाऱ्याला पूर्ण खात्री कधीच देता येत नाही. आता अशी कल्पना करा, की दुपारी व्यापाऱ्याचा फोन येतो आणि तो म्हणतो, “अण्णा, परवाच्या मालात साका निघाला, गिऱ्हाइकं परत आली.” बाग कराराने घेतलेल्या अण्णांच्या डोळ्यांपुढे खते-औषधांसाठी काढलेले कर्ज येते. फळ निवडणारा मुकादम मनाशी म्हणतो, माल मी पाहिला होता, म्हणजे चूक माझीच. हिशेब पाहणारा पुतण्या मात्र म्हणतो, “काका, मी बोलतो त्यांच्याशी. पुढच्या दोन पेट्यांचा दर थोडा तोडू, विषय मिटेल.” वाक्य एकच आहे, पण एकाला त्यात घराचे नुकसान ऐकू आले, दुसऱ्याला स्वतःवरचा ठपका आणि तिसऱ्याला फक्त एक व्यवहार. माणसाचे मन यांपैकी कोणत्या वाटेने जाण्याची शक्यता अधिक, हे ठरवण्यात परिस्थितीइतकाच स्वभावाचाही वाटा असतो.

स्वभाव मोजायचा कसा, हा पुढचा प्रश्न. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचून काढले. नंतरच्या दशकांत अनेक संशोधकांनी संख्याशास्त्राच्या आधारे अशा वर्णनांची गाळणी केली, आणि स्वभावातील फरक मुख्यतः पाच अंगांनी मोजता येतात यावर बऱ्यापैकी एकमत झाले. चिंताशीलता, बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि नव्याची ओढ ही ती पाच अंगे होत. त्यांना कप्पे समजू नये. उंचीप्रमाणे प्रत्येक अंग प्रत्येकात कमी-अधिक असते आणि बहुतेक लोक मधल्या पट्ट्यात मोडतात. माणसांना ठरावीक साच्यांत बसवणाऱ्या लोकप्रिय चाचण्या मनोरंजक वाटल्या तरी त्यांच्या आधारे कोणाची पारख करू नये.

ताणाशी सर्वांत जवळचा संबंध चिंताशीलतेचा आहे, म्हणून तिच्याकडे थोडे थांबून पाहू. नायल बोल्गर आणि अ‍ॅडम झुकरमन यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून दोन आठवडे रोजच्या नोंदी लिहून घेतल्या. स्वभाव ताणावर तीन मार्गांनी परिणाम करू शकतो, ही त्यांची मांडणी फार उपयुक्त आहे. माणसाच्या वाट्याला तणावाचे प्रसंग किती येतात, प्रसंग आल्यावर त्याची प्रतिक्रिया किती तीव्र असते आणि त्यातून निघण्यासाठी तो कोणती वाट निवडतो, असे हे तीन मार्ग. चिंताशील विद्यार्थ्यांच्या रोजच्या जगण्यात खटके अधिक उडत होते आणि त्यांचा मनस्तापही त्यांना अधिक होत होता. कामाच्या जागीही हेच दिसते. वरिष्ठांनी संध्याकाळी नुसते “उद्या सकाळी जरा भेटा” असे म्हटले, की चिंताशील माणूस त्या वाक्याची रात्रभर उजळणी करतो, सकाळी कावलेल्या मनःस्थितीत कामावर येतो, सहकाऱ्याच्या साध्या प्रश्नाला तुटक उत्तर देतो आणि त्यातून नवा खटका उभा राहतो.

परंतु हेच मन धोका लवकर हेरते, ही गोष्ट आपण विसरतो. मोहोरावर तुडतुड्यांची सुरुवात झाली आहे, गाडीच्या ताडपत्रीला भोक पडले आहे, एका नोंदीत तारीख चुकली आहे, हे बहुतेक वेळा त्याच्याच लक्षात आधी येते. अशा माणसाला “काळजी करू नकोस” असे सांगून काहीही साधत नाही. संदिग्धता कमी करणे मात्र साधते. “उद्या दहा वाजता भेटा, वाशीच्या बिलाबद्दल बोलायचे आहे” असे कारण आणि वेळ सांगणारे वाक्य उच्चारायला वरिष्ठांना काहीच खर्च येत नाही, आणि ऐकणाऱ्याची रात्र वाचते.

कर्तव्यदक्ष माणसाची गोष्ट वेगळी आहे. तो आधीपासून तयारी करतो, यादी करतो, कामे वेळेत संपवतो, त्यामुळे ताणाचे बरेच प्रसंग त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्याची दुखरी जागा दुसरीकडे असते. काम नीट करण्याची संधीच हिरावली गेली, म्हणजे चाळीस पेट्यांच्या वेळात साठ भरायला लावल्या, किंवा आपण केलेली चोख निवड शेवटच्या घाईत दुसऱ्याने बिघडवली, तर तो आतून ढासळतो. जर्मनीतील हजारो लोकांच्या काही वर्षांच्या माहितीवर आधारलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की नोकरी गेल्यानंतर कर्तव्यदक्ष लोकांचे समाधान इतरांपेक्षा कितीतरी अधिक घटले. ज्याने कामालाच आपली ओळख मानले, त्याचे काम हिसकावले गेले तर दुःखही त्याच मापाचे होणार. अशा माणसावर आणखी एक अन्याय सर्रास होतो, तो म्हणजे तो काम चोख करतो म्हणून इतरांचे उरलेले कामही त्याच्याच पुढ्यात येते.

बहिर्मुख माणूस ताण बोलून हलका करतो, लोकांत मिसळून पुन्हा उत्साह मिळवतो. त्याला एकट्याने करायचे एकसुरी काम जड जाते. मितभाषी माणसाला उलट सततच्या गलक्याने शीण येतो. येथे एका गैरसमजाबद्दल सावध राहायला हवे. गप्प माणूस शांत आहे असे आपण धरून चालतो. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किळस आणणारी चित्रफीत दाखवताना काही जणांना चेहऱ्यावर काहीही दिसू न देण्याची सूचना केली होती. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच फारसे उमटले नाही, पण किळस तेवढीच वाटली आणि शरीरातील ताणाच्या काही खुणा उलट वाढल्या. सुरुवातीला उल्लेखलेल्या, चकार शब्द न काढणाऱ्या बाईंचे डोके रोज संध्याकाळी का दुखते, याचे एक कारण येथे असू शकते.

जुळवून घेणाऱ्या स्वभावाची परीक्षा पाहायची असेल, तर मार्चअखेरीस एखाद्या गावातल्या पतपेढीत जावे. थकबाकीच्या वसुलीसाठी ज्यांच्या दारात जायचे, ते शेजारी, भावकीतले किंवा शाळेत शिकवलेले गुरुजी असतात. “काका, मार्चएंड आहे, निदान व्याज तरी भरा” हे वाक्य ज्याला सहज उच्चारता येते, तो चार घरे करून दुपारी जेवायला येतो. ज्याला कोणाचे मन मोडवत नाही, तो पहिल्याच घरी चहा घेऊन रिकाम्या हाताने परततो आणि कार्यालयात बोलणी खातो. त्यानंतर गणेशोत्सवात त्याच काकांच्या घरी आरतीला बसायचे असते. मोठ्या शहरातल्या वसुली कर्मचाऱ्याला हा पेच सहसा पडत नाही. आपल्या गावांत कामाची नाती आणि घरची नाती वेगळी काढता येत नाहीत, त्यामुळे या स्वभावाच्या माणसांवरचा भार इथे दुप्पट होतो. हीच माणसे काउंटरवर बसवली, तर ठेवीदार त्यांच्यासाठी पुन्हा पुन्हा येतात. पाचवे अंग नव्याच्या ओढीचे. ती कमी असणाऱ्यांना कामाची संगणक प्रणाली बदलली की त्रास होतो आणि शिकण्यास पुरेसा वेळ मिळाला की तो बहुतांशी ओसरतो.

स्वभाव आणि आजार यांची सांगड घालण्यात किती घाई होऊ शकते, याचा एक धडा इतिहासात आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे हृदयरोगतज्ज्ञ मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन यांनी १९५९ साली असे मांडले, की सतत घाईत असणाऱ्या, चुरशीच्या आणि चटकन चिडणाऱ्या लोकांना हृदयविकार अधिक होतो. ‘टाइप ए’ हा शब्द तेव्हापासून जगभर पसरला. पुढील अभ्यासांत हा संबंध तेवढा टिकला नाही. घाई किंवा महत्त्वाकांक्षा यांपेक्षा मनात धुमसणारा वैरभाव आणि राग हा भाग अधिक घातक असल्याचे पुरावे मिळाले, आणि कालांतराने हेही उघड झाले की या विषयावरील बऱ्याच संशोधनाला तंबाखू कंपन्यांनी पैसा पुरवला होता. हृदयविकाराचा दोष धूम्रपानाऐवजी माणसाच्या स्वभावावर गेला, तर त्यांच्या ते पथ्यावर पडणारे होते. स्वभावावर बोट ठेवणे कोणाच्या सोयीचे आहे, हा प्रश्न प्रत्येक कार्यालयात विचारण्यासारखा आहे.

स्वभाव आणि काम यांना जोडणारा दुवा म्हणजे ताबा. ज्युलियन रॉटर यांनी १९६६ साली दाखवून दिले, की काही लोकांना आपल्या आयुष्यातील घटना आपल्या प्रयत्नांवर अवलंबून आहेत असे वाटते, तर काहींना त्या नशिबावर किंवा इतरांच्या मर्जीवर अवलंबून वाटतात. सर्वसाधारणपणे पहिल्या प्रकारचे लोक ताण चांगला हाताळतात. पण किनारपट्टीवर याची दुसरी बाजूही ठळक दिसते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळानंतर ऑगस्टमध्ये नौका समुद्रात जायला सज्ज होतात आणि नेमका वादळाचा इशारा येतो. सगळे आपल्याच हातात असते असे मानणारा नौकामालक अशा दिवशी किनाऱ्यावर येरझाऱ्या घालतो. समुद्रापुढे कोणाचे चालत नाही हे मान्य केलेला तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, जाळी दुरुस्त करायला बसतो, इंजिन तपासतो, खलाशांना झोप घ्यायला सांगतो. काही करता येण्यासारखे असेल तेव्हा प्रश्नाला हात घालणे आणि नसेल तेव्हा मनाला आवर घालणे, हे दोन्ही मार्ग लॅझारस आणि फोकमन यांनी वर्णिले होते. एकाच मार्गाला सदासर्वकाळ धरून बसणाऱ्याला त्रास अधिक होतो.

मात्र ताबा ही केवळ मनाने मानण्याची गोष्ट नाही. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली असे मांडले, की कामाचा रेटा जास्त आणि निर्णयाचा अधिकार कमी असेल, तर ताण सर्वाधिक येतो. ब्रिटनमध्ये १९८५ साली सुरू झालेल्या, दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल अभ्यासातही कामावर कमी ताबा असणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. म्हणून रोजच्या साठ पेट्यांचे लक्ष्य वरून ठरवायचे, निवडीबद्दल मुकादमाचे मत घ्यायचे नाही आणि तो चिडला की त्याला मनःशांतीचे धडे द्यायचे, हा क्रम मला अजिबात मान्य नाही. आधी पेट्यांची संख्या, विश्रांतीची वेळ आणि मुकादमाचा अधिकार पाहावा. ते वाजवी असतील तर मग कोणाला कुठे बसवायचे याचा विचार स्वभाव पाहून करावा. काळजीखोर माणसाला तपासणीचे काम द्यावे आणि कधी थांबायचे हेही ठरवून द्यावे, बोलक्याला व्यापाऱ्यांचे फोन द्यावेत, मितभाषी माणसाला दुपारची निवांत पंधरा मिनिटे मिळू द्यावीत. वसुलीला दोघांना मिळून पाठवले, तर कोणा एकट्यावर वाईटपणा येत नाही.

ज्याला स्वतःमध्ये बदल करायचा आहे त्याच्यासाठीही बातमी वाईट नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून, लोकांच्या स्वभावांत दिसणाऱ्या फरकांपैकी सुमारे ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक असल्याचा अंदाज आहे; उरलेला अनुभवांतून घडतो. वय वाढते तशी बहुतेकांची चिंताशीलता थोडी उतरते आणि कर्तव्यदक्षता वाढते, असेही दीर्घकालीन अभ्यास सांगतात. स्वभाव मुळातून पालटण्याचा अट्टहास धरण्यापेक्षा आपल्याला काय बोचते हे ओळखणे लवकर साधते. हंगामात आठवडाभर रोज दोन ओळी लिहून ठेवाव्यात, आज कशाने बिनसले आणि त्यानंतर आपण काय केले एवढ्याच. बहुतेकांना आपला ठरावीक प्रसंग आणि आपली ठरावीक प्रतिक्रिया त्यांत लवकरच दिसू लागते.

एक सीमा मात्र स्पष्ट असावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे. पार गळून जाणे, कामाबद्दल मन उठणे किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे. कामावरचा दीर्घकाळचा ताण हाताळला न गेल्यामुळे ती उद्भवते. नैराश्य हा मात्र आजार आहे. मन सतत उदास असणे, कशातच रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे किंवा जगू नये असे विचार येणे हे दोन आठवडे टिकले, तर “तो आहेच तसा” असे म्हणून ते स्वभावाच्या खाती टाकू नये. जगू नये असा विचार एकदाही बोलून दाखवला गेला, तर दोन आठवडे थांबूही नये. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि विनामूल्य उपलब्ध आहे, तिच्यावर मराठीत बोलता येते. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. डॉक्टरांशी बोलताना इतरांशी तुलना करत बसू नये. हंगामापूर्वी आपली झोप, भूक, बोलणे आणि चिडणे कसे होते आणि आता त्यांत नेमका काय फरक पडला आहे, एवढे सांगावे. घरातल्या एखाद्या माणसाला सोबत नेले तर तो फरक बहुधा त्याला अधिक नीट सांगता येतो.